बटईनं शेती करतो, पीएम किसानचे पैसे आम्हाला मिळतील का?

तुम्ही लिहिलंय की दुसऱ्याचं चार एकर रान सात वर्षं बटईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, करताय, स्वतःच्या नावावर गुंठाभरही नाही, तर अर्ज करता येईल का? नाही येणार. सांगताना वाईट वाटतं, कारण आमच्या घरी हेच चालू आहे, फक्त आम्ही मालकाच्या बाजूला आहोत.

वडील शहरात राहतात. खासगी नोकरीतून निवृत्त, आयकर भरत नाहीत, म्हणून पात्र. दर चार महिन्यांनी पीएम किसानचे 2,000 रुपये जमा. राज्याच्या 'नमो शेतकरी'चे वर्षाला 6,000 वेगळे, ती योजना 2023 ची. रान मात्र आमचे बटईदार तात्या कसतात, अर्धेलीनं, म्हणजे निम्म्या वाट्यानं. त्यांच्या खात्यात यातला एक रुपया येत नाही.

पीएम किसान फेब्रुवारी 2019 मध्ये सुरू झाली. आधी दोन हेक्टरची मर्यादा होती, ती त्याच वर्षी काढली. नियमात शेतकरी कुटुंब म्हणजे नवरा, बायको, अल्पवयीन मुलं आणि त्यांच्या नावावरची लागवडीयोग्य जमीन. आयकर भरणारे, डॉक्टर, वकील, महिना 10,000 रुपये किंवा जास्त पेन्शन घेणारे (चतुर्थ श्रेणीवाले सोडून) वगळलेत. जमीन दुसऱ्याला कसायला देणारा वगळलेला नाही. सगळं सातबाऱ्यावरच्या नावावर ठरतं.

मग सातबाऱ्यावर तुमचं नाव कसणारा म्हणून का येत नाही? मालक येऊ देत नाही. 1948 च्या कूळ कायद्यानं कसणाऱ्याला जमिनीचा मालक केलं, ती मोठी गोष्ट होती. पण ज्यांची जमीन राहिली त्यांच्या मनात 'कूळ लागेल', म्हणजे कसणारा जमिनीवर हक्क सांगेल, ही धास्ती अजून आहे. त्यामुळे बटई असो की ठोका (ठरलेल्या रकमेवर जमीन कसायला देणं), सगळं तोंडी. माझे वडील सज्जन आहेत, तरी कागद करायचं म्हटलं की तेही गप्प होतात.

त्याची किंमत मी गारपिटीच्या वर्षी पाहिली. काढणीला आलेला गहू आडवा झालेला. पंचनाम्याला तात्या चिखलात उभे राहून कुठवर पीक गेलंय ते बोटानं दाखवत होते. बियाणं, खत, मजुरी निम्मी त्यांची. फॉर्मवर खातेदार म्हणून नाव वडिलांचं, खातं वडिलांचं. वडिलांनी भरपाईची निम्मी रक्कम तात्यांना दिली. पण द्यायलाच हवी असं त्यांच्यावर कुणाचंही बंधन नव्हतं, आणि हेच मला खुपतं.

सरकारनं मनात आणलं तर कसणाऱ्यापर्यंत पैसा पोचवता येतो. ओडिशाच्या 'कालिया' योजनेत बटईदार आणि भूमिहीनही घेतले होते. खताचं अनुदान तर आजही तुमच्यापर्यंत येतं: ते कंपनीला मिळतं, पण दुकानातल्या पॉस मशीनवर अंगठा लावून गोणी घेणाऱ्याला ती स्वस्तात पडते, तिथे सातबारा कुणी मागत नाही. पीक विम्यातही बटईदार पात्र आहे, पण मालकाबरोबरचा नोंदणीकृत भाडेकरार लागतो. मालकाशी आधी त्याचंच बोला.

तो तयार नसेल तर निदान एक करा. पेरणीआधी विचारून ठेवा, भरपाई आली तर कुणाला किती. आमच्याकडे आता हिशेबाच्या वहीत पहिल्याच पानावर ते लिहितो आणि खाली वडील आणि तात्या दोघं सही करतात.