तिसऱ्या दिवशी पाठ जास्त दुखतेय, म्हणजे ऑपरेशन फसलं का?

(हाडांच्या वॉर्डातून निवृत्त झालेल्या सिस्टर वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात.)

प्रश्न : माझी आई ६८ वर्षांची आहे. कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यात नस दाबली गेली होती. डावा पाय मांडीपासून पोटरीपर्यंत ठणकायचा, थोडं चाललं की बसावं लागायचं. सोमवारी ऑपरेशन करून स्क्रू आणि सळ्या बसवल्या. त्या दिवशी ती छान बोलत होती. आज तिसरा दिवस, तर पाठ आधीपेक्षा जास्त दुखतेय आणि पायाला मुंग्या आहेतच. फिजिओथेरपिस्ट उभं करतात तेव्हा रडते. काल रात्री मला तिची बहीण समजून हाक मारली आणि सलाईन ओढायला लागली. भाऊ म्हणतो, पडून राहू द्या, छळू नका. डॉक्टर राउंडला येतात, ‘सगळं ठीक आहे’ म्हणतात आणि जातात. खरंच ठीक आहे का?

उत्तर : आधी आईला एक विचारा. पाठीचं नाही, पायाचं. ‘ऑपरेशनच्या आधी पाय ठणकायचा, तसा आता ठणकतो का?’ बहुतेक पेशंट जरा थांबून म्हणतात, ‘नाही, तसा नाही.’ आईनेही असंच सांगितलं, तर नस मोकळी झाल्याची ती चांगली खूण. आता पाठीत दुखतंय ते जखमेचं. स्क्रू बसवायला हाडावरचे स्नायू बाजूला सारावे लागतात, ते दुखणारच. पहिल्या दिवशी भुलीचा आणि सलाईनमधल्या औषधांचा अंमल होता, म्हणून ती गप्पा मारत होती. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढते आणि नेमका तेव्हाच औषधांचा जोर कमी केलेला असतो. वॉर्डात तिसऱ्या दिवशीचे नातेवाईक आम्ही चेहऱ्यावरून ओळखायचो.

मुंग्यांची घाई करू नका. साधारणपणे आधी ठणका जातो, मग ताकद येते आणि बधिरपणा सगळ्यात शेवटी. नसेच्या तंतूंना इजा झाली असेल तर ते दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतात. कंबर ते पाऊल हे अंतर त्या वेगाने मोजून बघा. थोडा बधिरपणा काहींना कायमचाही राहतो, हे आत्ताच माहीत असलेलं बरं.

आता तुमच्या भावाचं म्हणणं. त्याची माया कळते, पण डॉक्टरांनी उठायला परवानगी दिली असताना पडून राहण्यात या वयात धोका जास्त. पायात रक्ताची गुठळी होते, छातीत कफ साठतो, पोट साफ होत नाही, स्नायू बघता बघता उतरतात. स्क्रू आणि सळ्यांचा आधार पहिल्या दिवसापासून असतो. हाड जुळायला मात्र कित्येक महिने लागतात, म्हणून वाकणं, वजन उचलणं आणि कंबर पिळणं बंद. चालणं बंद नाही.

रडणं कमी करायचं असेल तर वेळ सांभाळा. फिजिओ कधी येणार ते सिस्टरना विचारून ठेवा आणि वेदनेची गोळी त्याच्या पाऊण तास आधी देता येईल का बघा. ‘फारच दुखलं तर घेईन’ असं म्हणून आई गोळी टाळत असेल तर समजवा. दुखणं चढल्यावर ते उतरवायला जास्त औषध लागतं. उठताना आधी गुडघे दुमडायचे, मग खांदे आणि कंबर एका फळीसारखे एकदम कुशीवर वळवायचे, पाय पलंगावरून खाली सोडायचे आणि त्याच वेळी हाताने रेटा देऊन बसायचं. तुम्ही तिच्या काखेत हात घालून ओढू नका. नातेवाईक हमखास हेच करतात. बसल्यावर एक-दोन मिनिटं थांबा, कारण रक्तदाब उतरून चक्कर येते. मग वॉकर. दाराजवळ जाऊन परत आली तरी आजच्यापुरतं पुष्कळ झालं. खुर्चीत मात्र सुरुवातीला वीस-तीस मिनिटांपेक्षा जास्त बसवू नका.

रात्रीच्या प्रकाराने तुम्ही सगळ्यात जास्त हादरलेल्या दिसता. ही वेड लागण्याची सुरुवात नाही. मोठ्या ऑपरेशननंतर वयस्कर माणसांना असा भ्रम होतो आणि बहुतेक वेळा काही दिवसांत ओसरतो. पण ‘होतं असं’ म्हणून सोडूनही देऊ नका, आजच सिस्टरना सांगा. जोरदार वेदनाशामक, झोपमोड, रक्तातलं सोडियम कमी होणं, लघवी तुंबणं किंवा तिथला संसर्ग, बरेच दिवस शौचास न होणं, यांतलं काहीही कारण असू शकतं आणि ते तपासता येतं. तिचा चष्मा आणि कानाचं मशीन पिशवीत पडलं असेल तर आधी काढून द्या. दिवसा पडदे उघडे ठेवा. ती चुकीच्या नावाने हाक मारेल तेव्हा वाद न घालता ‘मी तुझी मुलगी, आपण हॉस्पिटलमध्ये आहोत’ एवढंच शांतपणे सांगा. बद्धकोष्ठाचं औषध चालू आहे का तेही विचारा, कारण जोरदार वेदनाशामकांनी आतडी मंदावतात आणि पेशंट लाजेपोटी बोलत नाहीत.

काही गोष्टींसाठी मात्र राउंडची वाट बघायची नाही, लगेच बेल दाबायची. पाऊल किंवा अंगठा काल वर उचलत होता आणि आज उचलत नाही. बसायच्या जागी, जांघेत बधिरपणा आला. नळी काढल्यावर लघवी होतच नाही किंवा नकळत होते. जखमेतून पाण्यासारखं पातळ काही येतंय, किंवा उठून बसलं की डोकं फुटतं आणि आडवं झालं की थांबतं. ताप, एकाच पोटरीला सूज, धाप, छातीत दुखणं. यांतलं काही दिसलं तर ‘उगाच त्रास कशाला द्यायचा’ असा विचार नको.

डॉक्टर ‘ठीक आहे’ म्हणून निघाले की कागदावर लिहिलेले प्रश्न पुढे करा : पायाची ताकद ऑपरेशनआधी किती होती आणि आज किती आहे? रात्रीच्या भ्रमासाठी काय तपासलं? कमरेचा पट्टा कधी बांधायचा, कधी सोडायचा? नेमकं विचारलं की नेमकं उत्तर मिळतं.

आणि भावाला कामाला लावा. आई घरी यायच्या आत वाटेतली पायपुसणी आणि वायरी उचलायच्या, कमोडची सीट उंच करून घ्यायची, तिच्या रोजच्या वस्तू वाकावं लागणार नाही अशा कमरेच्या उंचीवर आणून ठेवायच्या. शिवाय रात्रीची एक पाळी त्याची, म्हणजे तुम्हाला झोप मिळेल.