फ्लोराइड कमी केलं तर हिमोग्लोबिन वाढतं का?

तुमचा प्रश्न असा: लोहाच्या गोळ्या नियमित घेऊनही हिमोग्लोबिन ९ च्या वर सरकत नाही, पोट सारखं फुगतं, घरात पाणी बोअरचं आहे. कुणीतरी सांगितलं की हे सगळं फ्लोराइडमुळे होतं, तेव्हा टूथपेस्ट आणि चहा बंद करा. यात तथ्य आहे का?

तथ्य आहे. पण सांगणाऱ्याने तुम्हाला शेवटच्या पायरीवर उभं केलंय. मी पाण्याचे नमुने तपासण्याचं काम करतो, डॉक्टर नाही. त्यामुळे पाण्याबद्दल ठामपणे लिहितो आणि रक्ताबद्दल जरा हात राखून.

आधी साधा हिशेब मांडू. समजा तुमच्या पाण्यात लिटरमागे ४ मिलिग्रॅम फ्लोराइड आहे आणि पिणं, चहा, स्वयंपाक धरून दिवसाला ३ लिटर पाणी पोटात जातं. झाले १२ मिलिग्रॅम, एकट्या पाण्यातून. आता टूथपेस्ट घ्या. फ्लोराइडच्या पेस्टमध्ये साधारण १००० ते १५०० पीपीएम असतं, म्हणजे एक ग्रॅम पेस्टमध्ये १ ते १.५ मिलिग्रॅम, आणि त्यातलं बहुतेक मोठी माणसं थुंकून टाकतात. चहाचा एक कप पानांच्या प्रतीप्रमाणे कमीजास्त भरतो, पण बहुधा एका मिलिग्रॅमच्या आतच. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसाला एकूण ६ मिलिग्रॅमच्या पुढे गेलं की हाडांवर परिणाम होण्याची शक्यता दिसू लागते आणि १४ च्या आसपास तो धोका स्पष्ट असतो. म्हणजे पाणी ४ चं असेल तर पेस्ट सोडून पदरात फारसं काही पडणार नाही, आणि पाणी ०.४ चं असेल तर सोडायची गरजच नाही. सगळा निकाल पाण्याच्या आकड्यावर आहे, आणि नेमका तोच आकडा तुमच्या प्रश्नात नाही.

तो मिळवणं अवघड नाही, मात्र डोळ्यांवर आणि जिभेवर विसंबू नका. फ्लोराइडला रंग नाही, वास नाही, चव नाही. टीडीएस मीटरवरही ते कळत नाही. तो मीटर पाण्यातले एकूण क्षार दाखवतो, त्यात फ्लोराइड किती हे त्याला ठाऊक नसतं. ‘आमचं पाणी गोड आहे, जड नाही’ असं लोक मोठ्या समाधानाने सांगतात, आणि मला तिथेच जरा काळजी वाटते. पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर ते फ्लोराइडला फार वाढू देत नाही. उलट ग्रॅनाइटसारख्या कठीण खडकातून आलेलं, खूप काळ आत मुरलेलं, कॅल्शियम कमी आणि सोड्यासारखी अल्कता जास्त असं खोल बोअरचं पाणी फ्लोराइडच्या बाबतीत बेभरवशाचं. शेजारच्या बोअरचा रिपोर्ट चांगला आला म्हणून तुमचाही येईल असंही नाही. खडकातली भेग बदलली की आकडा बदलतो.

नमुना घेताना बाटली प्लॅस्टिकची घ्या, काचेची नको. पंप काही मिनिटं चालू ठेवून नळीत साचलेलं पाणी जाऊ द्या, त्याच पाण्याने बाटली दोन-तीनदा विसळा आणि मग काठोकाठ भरा. प्रयोगशाळेत आम्ही त्यात आधी एक बफर द्रावण मिसळतो, कारण पाण्यातलं ॲल्युमिनियम किंवा लोह फ्लोराइडला धरून ठेवतं आणि आकडा खोटाच कमी दिसतो. मग फ्लोराइडचा इलेक्ट्रोड बुडवायचा आणि मिलिव्होल्टचा काटा स्थिर होईपर्यंत वाट बघायची. रंगाचे किटही मिळतात. त्यातल्या काहींत लाल रंग फ्लोराइड वाढेल तसा फिका पडतो. ‘आहे की नाही’ एवढं कळायला ते पुरेसे आहेत, पण १.२ की १.८ हे ठरवायला नाहीत. भारतीय मानकाप्रमाणे लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत पाणी योग्य, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यायचं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादाही १.५ च आहे.

दातांवरून अंदाज बांधायचा असेल तर स्वतःचे दात आरशात बघू नका. फ्लोराइडचे पांढरे-तपकिरी पट्टे दात तयार होत असताना, म्हणजे साधारण आठ वर्षांच्या आतच पडतात. मोठेपणी दुसरीकडून राहायला आलेल्या माणसाचे दात स्वच्छच राहणार, पाणी कितीही वाईट असो. त्याच पाण्यावर वाढलेल्या मुलांचे दात बघा.

आता रक्ताकडे येऊ. फ्लोराइड जठरातल्या आम्लात हायड्रोफ्लोरिक आम्लाच्या रूपात जातं आणि त्या रूपात ते अस्तराच्या पेशींमध्ये सहज शिरतं. फ्लोराइड जास्त असलेल्या भागांतल्या रुग्णांच्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी झाली आहे. त्यात अस्तरावरच्या सूक्ष्म केसांसारख्या उंचवट्यांची, ज्यांच्यातून पोषण शोषलं जातं त्यांची, हानी झालेली दिसली. पोट फुगणं, मळमळ, बद्धकोष्ठता हे त्याचेच धागेदोरे. शोषणच नीट होत नसेल तर गोळी गिळूनही रक्तात फार कमी पोहोचतं, असा हा तर्क आहे. फ्लोराइडच्या माऱ्यात लाल पेशींचा आकार बिघडतो असंही आढळलं आहे.

या विषयात भारतात सर्वाधिक काम दिल्लीच्या डॉ. ए. के. सुशीला यांनी केलंय. त्यांच्या गटाचा गर्भवती स्त्रियांवरचा अभ्यास ‘करंट सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात २०१० साली आला. ज्यांच्या लघवीत फ्लोराइड जास्त आणि हिमोग्लोबिन कमी होतं, अशा स्त्रियांना फ्लोराइडचे स्रोत टाळायला आणि आहार सुधारायला सांगितलं. त्यांचं हिमोग्लोबिन वाढलं आणि बाळांची वजनंही सुधारली. निकाल उत्साह वाढवणारा आहे, पण एक गोष्ट डोळ्याआड करू नका. फ्लोराइड कमी करणं आणि दूध, फळं, भाज्या वाढवणं हे दोन्ही एकत्रच झालं होतं. श्रेय नेमकं कुणाचं किती, हे त्यातून वेगळं काढता येत नाही. चहाचंही तसंच. चहात फ्लोराइड असतं हे खरं, पण चहातली टॅनिनसारखी द्रव्यं लोहाचं शोषणही अडवतात. चहा सोडून हिमोग्लोबिन वाढलं तर ते दुसऱ्या कारणाने असण्याचीच शक्यता मला जास्त वाटते. तुम्हाला काय, वाढल्याशी मतलब! निदान गोळी आणि जेवण यांच्या आगेमागे तासभर तरी चहा नको.

पाण्याचा आकडा दीडच्या वर आलाच, तर पहिला उपाय म्हणजे दुसरा स्रोत: पावसाचं साठवलेलं पाणी, उथळ विहीर, नळाचं पाणी, पण तेही तपासून. ते शक्य नसेल तर आरओ किंवा ॲक्टिव्हेटेड ॲल्युमिनाचं (फ्लोराइड धरून ठेवणाऱ्या ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या दाण्यांचं) फिल्टर. कँडलचं फिल्टर, यूव्ही, तुरटी फिरवून निवळणं, यांचा इथे उपयोग नाही. आणि उकळल्याने तर पाणी आटतं, फ्लोराइड तेवढंच राहतं, म्हणजे प्रमाण वाढतंच. तुरटीचा उल्लेख आला म्हणून सांगतो: नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने विकसित केलेल्या ‘नालगोंडा’ पद्धतीत तुरटी आणि चुनाच वापरतात, पण मोजून, पाण्याच्या तपासणीप्रमाणे मात्रा ठरवून. घरी अंदाजाने करायचं काम नव्हे ते.

ॲल्युमिनाची ताकद वापराने संपते आणि आरओचा पडदाही म्हातारा होतो, तेव्हा फिल्टरमधून बाहेर येणारं पाणीही मधून मधून तपासायला हवं. आणखी एक चूक घरोघरी होते. पिण्याचं पाणी आरओचं आणि स्वयंपाकाचं थेट बोअरचं. शिजताना जे पाणी अन्नात मुरतं किंवा आटतं, त्यातलं फ्लोराइड ताटात येतंच. आंघोळ, भांडी, कपडे यांना मात्र बोअरचं पाणी खुशाल वापरा.

पेस्ट बंद करण्याच्या मी विरोधात आहे. अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्सच्या डागाळलेल्या दातांचं कोडं १९३१ मध्ये सुटलं, पाण्यातलं फ्लोराइड हे कारण निघालं. पण त्याच दातांना कीड कमी लागते हेही तिथेच लक्षात आलं होतं. थोडं फ्लोराइड दातांवर हवंच, पोटात नको. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, सहापर्यंत वाटाण्याएवढी, आणि ती थुंकतात ना यावर लक्ष.

हे सगळं करताना लोहाची गोळी सोडू नका, आणि डॉक्टरांकडून फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२, गरज वाटली तर थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराची तपासणी करून घ्या. जास्त पाळी, जंत, आतड्यातला सूक्ष्म रक्तस्राव ही कारणं फ्लोराइडपेक्षा कितीतरी जास्त वेळा सापडतात. पाण्याचा आकडा चढा निघाला तर लघवीतलं फ्लोराइडही तपासता येतं. पण पाणी बदलल्यावर ते लगेच शून्यावर येण्याची वाट बघू नका. हाडांत साठलेलं फ्लोराइड सावकाश बाहेर पडत राहतं. ज्यांचं मूत्रपिंड अधू आहे त्यांच्यात तर ते साठतंच जास्त. पोटाच्या तक्रारी काही आठवड्यांत हलक्या होऊ शकतात. लाल पेशी सुमारे १२० दिवस जगतात, म्हणून हिमोग्लोबिनचा खरा कल बघायला दोन-तीन महिने द्या.

गोळ्यांच्या वेळांबद्दल शेवटचं. कॅल्शियम फ्लोराइडला आतड्यातच धरून ठेवतं, त्यामुळे आहारात ते पुरेसं हवं. पण तेच कॅल्शियम लोहाच्या शोषणाच्या आड येतं. तेव्हा दूध किंवा कॅल्शियमची गोळी जेवणासोबत आणि लोहाची गोळी दुसऱ्या वेळी, दोन तासांचं अंतर ठेवून, लिंबूपाण्याबरोबर. हे पाणीही फिल्टरचंच घ्या.