खिळ्यावरचा युनिफॉर्म

नाशिक, गंगापूर रोड

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या कादंबरीचं हस्तलिखित दोन रात्रींत वाचून काढलं. बोटीचा प्रसंग तू फार छान उतरवलास. १२ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर सोडणाऱ्या ६५ ऑस्ट्रेलियन नर्सेस, दोनच दिवसांत सुमात्राजवळच्या बांका बेटापाशी जपानी बॉम्बनं बुडालेली बोट, त्यात गेलेल्या १२ जणी. तपशील बरोबर आहेत आणि वाचताना जीव घाबरा होतो. पण पुढे जपान्यांची कैदी छावणी आली, की तुझ्या नर्सेस बोलायलाच लागतात. हातात हात घेऊन मैत्रीच्या शपथा घेतात. अगं, तापानं फणफणलेली, अर्धपोटी बाई असं बोलत नाही. ती म्हणते, "पाणी आज मी आणते, तू पड."

माझं अर्धं आयुष्य वॉर्डात गेलं, म्हणून हे इतकं ठासून सांगते आहे.

ट्रेनिंगच्या दुसऱ्या वर्षी मला कावीळ झाली. हॉस्टेलच्या खोलीत तीन आठवडे पडून होते. खोलीतली मैत्रीण नाइट ड्युटी करून यायची, मला पाणी उकळून द्यायची आणि झोपायच्या आधी माझा युनिफॉर्म धुऊन, खळ घालून खिळ्यावर टांगायची. तो मी घालणार नव्हते, हे दोघींनाही ठाऊक होतं. तरी दर दोन दिवसांनी तो पुन्हा धुतलेला असायचा. ती त्याबद्दल कधी बोलली नाही, मीही विचारलं नाही. आज ती नाही, पण मैत्री म्हटलं की मला तो खिळा दिसतो.

म्हणूनच त्या नर्सेसपैकी व्हिव्हियन बुलविंकलचा भाग तू दीड पानात उरकलास, त्याचं मला वाईट वाटलं. १६ फेब्रुवारीला बांका बेटावरच्या राडजीच्या किनाऱ्यावर जपानी सैनिकांनी २२ नर्सेसना समुद्रात चालायला लावलं आणि पाठीमागून मशीनगन चालवली. २१ जणी गेल्या. हिच्या कमरेच्या वरून गोळी आरपार गेली आणि ही जगली. एका जखमी ब्रिटिश सैनिकाची शुश्रूषा करत काही दिवस जंगलात लपून राहिली, मग दुसरा इलाजच उरला नाही म्हणून दोघं स्वतःहून कैदेत आली. त्या वेळी युनिफॉर्मवरचं गोळीचं भोक दिसू नये म्हणून तिनं पाण्याची बाटली त्यावर धरली होती. इथे थांब. घाई करू नकोस. बाटली कशी धरली असेल, हात कधी अवघडला असेल, पहारेकरी जवळ आल्यावर श्वास कसा झाला असेल, ते सगळं लिही.

कैदेतल्या तिच्या ३१ सोबतिणींना तिनं काय घडलं ते सांगितलं. जपान्यांना कळलं असतं तर ही साक्षीदार जिवंत राहिली नसती. म्हणून त्या सगळ्यांनी साडेतीन वर्षं ते गुपित जपलं. तुझ्या कादंबरीत मात्र त्या रोज रात्री कुजबुजत तोच विषय काढतात! तो संवाद काढून टाक. त्याऐवजी असं कर: नवी आलेली एखादी कैदी सहज विचारते, "तुमच्यातल्या बाकीच्या कुठे गेल्या?" आणि तुझी नायिका तांदळातले खडे निवडत राहते. शेजारची विषय पाण्याकडे वळवते. बस्स.

नायिका तुझ्या कल्पनेतलीच ठेव. ज्या बायका खरोखर होऊन गेल्या, त्यांच्या तोंडी मनाची वाक्यं घालू नकोस. त्यांनी काय केलं एवढंच लिही, तेवढं पुष्कळ आहे.

गाण्याचं प्रकरण तसंच राहू दे. मार्गारेट ड्रायबर्ग आणि नोरा चेंबर्स या छावणीतल्याच दोघी कैदी, त्यांनी आठवणीतून स्वरलिपी लिहून काढली आणि २७ डिसेंबर १९४३ ला बायकांनी शब्दांशिवाय, नुसत्या कंठातून वाद्यवृंद उभा केला. तू ते जसं लिहिलंस, ते वाचून मी दिवा न लावता बराच वेळ बसले होते.

पण शेवट बदल. तुझ्याकडे सुटकेचा आनंदच आनंद आहे. कैदेत असताना ३२ पैकी आठ नर्सेस वारल्या, त्या आठही १९४५ सालातच. त्यातली शेवटची १८ ऑगस्टला, म्हणजे जपाननं शरणागती जाहीर केल्यावर तीन दिवसांनी. छावणीत ती बातमी पोचलीच नव्हती, २४ तारखेला कळली. उरलेल्या २४ जणींनी जपून ठेवलेले, विटलेले युनिफॉर्म घातले आणि त्या घरी निघाल्या. ते कपडे कुणी सांभाळले, कुणी टाके घातले, गेलेलीचा कुणी घडी करून ठेवला, हे तुला शोधायचं आहे. मला तर वाटतं, तुझी कादंबरी तिथेच आहे.

आणखी एक. बोटीबरोबर कित्येकींच्या पायातलंही समुद्रात गेलं. अनवाणी पाणी वाहणं तू एका ओळीत लिहिलंस. येत्या मे महिन्यात भर दुपारी रामकुंडाच्या घाटावर चपला काढ, दोन बादल्या भरून वर आण. मग ते पान पुन्हा लिहायला बस.

बारावं प्रकरण घेऊन रविवारी चारनंतर ये. माझा जुना युनिफॉर्म ट्रंकेत आहे, तो काढून ठेवते. खळ घातलेलं कापड हाताला कसं लागतं, ते तुला कळायला हवं.

तुझी,
सिस्टरआजी