परदेशातलं मूल दत्तक घ्यायचं असेल तर कायद्याने काय काय लागतं?

तुमच्या प्रश्नातून मला समजलं ते असं: तुम्ही दोघं एका देशात स्वयंसेवक म्हणून गेला होता, तिथल्या बालगृहातल्या चार वर्षांच्या मुलीचा तुम्हाला लळा लागला, आणि संस्थेचे संचालक 'कागदपत्रं इथेच करून देतो' म्हणतायत. तुम्ही सध्या राहता त्या देशाचे तुम्ही नागरिक नाही, तिथला मुदतीचा वास्तव्य परवाना तुमच्याकडे आहे.

दत्तक घेऊ इच्छिणाऱ्या कुटुंबांचे गृहभेट अहवाल लिहिणं हे माझं काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. पण सगळ्यात आधी हे: संचालकांनी पुढे केलेल्या कुठल्याही कागदावर सही करू नका आणि त्यांना पैसे देऊ नका. देणगी म्हणूनही नाही.

या दत्तकविधानात कायदा तीन वेगवेगळे प्रश्न विचारतो आणि त्यांची उत्तरं वेगवेगळ्या ठिकाणांहून येतात. हे मूल दत्तक देता येईल का, हे मुलीचा देश ठरवतो. तुम्ही पालक व्हायला पात्र आणि योग्य आहात का, हे तुम्ही राहता तो देश ठरवतो. आणि ती तुमच्याबरोबर येऊन कायमची राहू शकेल का, हे त्या देशाचा इमिग्रेशनचा कायदा ठरवतो. यातलं एक जरी उत्तर नकारार्थी आलं तरी बाकीच्या दोन होकारांचा उपयोग नाही. तिथल्या कोर्टाने दत्तक मंजूर केलं, पण मुलीला व्हिसाच मिळाला नाही, असं खरंच होतं. मग आई-बाप एका देशात आणि कायद्याने त्यांचंच असलेलं मूल दुसऱ्या देशात अडकतं.

हे होऊ नये म्हणूनच आंतरदेशीय दत्तकासाठीचा हेग करार झाला. 29 मे 1993 रोजी तो तयार झाला, 1 मे 1995 पासून लागू झाला, आणि आज शंभराहून जास्त देश त्यात आहेत. प्रत्येक सदस्य देशाला एक केंद्रीय प्राधिकरण नेमावं लागतं. दोन्ही देश करारात असतील तर अर्ज, अहवाल, संमती हे सगळं या दोन प्राधिकरणांमार्फत किंवा त्यांनी मान्यता दिलेल्या संस्थांमार्फतच जातं. बालगृहाच्या संचालकांना त्यात थेट दत्तक देण्याचा अधिकार नसतो.

अर्ज कुठे करायचा, यात बरेच जण फसतात. करार तुमचं नागरिकत्व बघत नाही, तुमचं नेहमीचं वास्तव्य कुठे आहे ते बघतो. म्हणजे तुम्ही आज राहता त्या देशाच्या प्राधिकरणाकडे जायचं, पासपोर्ट ज्या देशाचा आहे तिथे नव्हे. मात्र त्या देशाला करारानुसार असंही ठरवावं लागतं की मुलीला तिथे प्रवेशाची आणि कायम राहण्याची परवानगी आहे किंवा मिळेल. तुमचा स्वतःचाच परवाना मुदतीचा आहे, त्यामुळे तुमच्या बाबतीत गाडी इथेच अडण्याची शक्यता सगळ्यात जास्त आहे. पहिला फोन करून हेच विचारा. बाकीचं नंतर.

ते जमत असेल तर पुढची पायरी गृहभेट अहवालाची. वय, लग्न, प्रकृती, उत्पन्न, पोलिसांकडचा दाखला, ओळखीच्यांची पत्रं ही यादी जवळपास सगळीकडे सारखी असते. वयाची आणि लग्नाची अट मात्र देशागणिक बदलते. काही देश एकट्या व्यक्तीला परवानगी देत नाहीत, काही समलिंगी जोडप्यांना देत नाहीत, काही जण लग्नाला किती वर्षं झाली हेही बघतात. तुम्हाला दोन्ही देशांच्या अटी पुऱ्या कराव्या लागतात, आणि जिथे फरक असेल तिथे जास्त कडक अट लागू पडते.

पण अहवालाचा जीव कागदांत नसतो. मी नवरा-बायकोशी एकत्र बोलते आणि एकेकट्याशीही बोलते. मूल का हवंय, दोघांनाही सारखंच हवंय का, मूल न होण्याचं दुःख असेल तर ते कुठवर आलंय, घरातल्या मोठ्या माणसांचं काय म्हणणं आहे. चार वर्षांचं मूल आपली भाषा, वास, माणसं, झोपायची जागा सगळं एका दिवसात मागे टाकून येतं. नव्या घरात ती भाषा कुणी बोललं नाही तर ते काही महिन्यांत ती विसरायला लागतं. तेव्हा तुम्ही काय करणार, हे मी विचारतेच. 'माझी पहिली आई कुठे आहे?' या प्रश्नाला तुमच्याकडे काय उत्तर असेल, हेही विचारते. चुकीचं उत्तर दिलं म्हणून मी कुणाला नापास करत नाही. प्रश्न कधी डोक्यातच आला नव्हता, अशा कुटुंबांना मी थोडं थांबायला आणि तयारीच्या वर्गांना जायला सांगते. शेवटी अहवालात लिहिलं जातं की हे कुटुंब किती मुलांसाठी, कोणत्या वयोगटासाठी आणि कोणत्या गरजा असलेल्या मुलासाठी योग्य आहे. त्याला मुदत असते. मध्येच घर बदललं, नोकरी गेली, दिवस राहिले, तर तो नव्याने करावा लागतो.

आता मुलीची बाजू. तिच्या देशाला आधी हे बघावं लागतं की तिला जन्मदात्या कुटुंबात किंवा निदान देशातच कायमचं घर मिळू शकतं का. ते मिळत नसेल तरच परदेशाचा विचार. बालगृहात आहे म्हणजे अनाथ आहे असं अजिबात नसतं. गरिबी, आजारपण किंवा शाळा जवळ नाही म्हणून ठेवलेली बरीच मुलं असतात, आणि त्यांचे आई-वडील त्यांना परत न्यायच्या आशेवर असतात. म्हणून संमतीचे नियम इतके कडक आहेत. संमती लेखी हवी, तिचे परिणाम समजावून सांगितल्यावर दिलेली हवी, पैशाच्या किंवा मोबदल्याच्या बदल्यात नको, आणि आईची संमती बाळाच्या जन्मानंतरच घेतलेली हवी. मूल कळत्या वयाचं असेल तर त्याचंही म्हणणं ऐकून घ्यावं लागतं.

हे नियम हवेतून आलेले नाहीत. 2007 मध्ये चाडमध्ये एका फ्रेंच संस्थेच्या लोकांना 103 मुलं विमानाने फ्रान्सला नेताना पकडलं. अनाथ म्हणून सांगितलेल्या त्या मुलांपैकी बहुतेकांना आई किंवा वडील होते. 2010 मध्ये हैतीतल्या भूकंपानंतर काही अमेरिकन स्वयंसेवक 33 मुलांना सीमेपलीकडे नेत होते, तिथेही तेच निघालं. चाडमधली माणसं तर दुःखी मुलांना वाचवायलाच आलोय असं म्हणत होती. मन चांगलं असणं आणि मूल दत्तकासाठी खरंच मोकळं असणं, या दोन गोष्टी कायद्याने वेगळ्या ठेवल्या आहेत, आणि माझ्या मते त्या तशाच राहायला हव्यात.

तुमच्या गोष्टीतला सगळ्यात नाजूक भाग इथे येतो. करारात अशी अट आहे की मुलीची बाजू आणि तुमची पात्रता तपासून होईपर्यंत तुम्ही तिच्या आई-वडिलांशी किंवा सांभाळणाऱ्यांशी दत्तकासाठी संपर्क करायचा नाही. नात्यातलं दत्तक असेल किंवा तिथल्या अधिकाऱ्यांनी घातलेल्या अटींत बसत असेल तरच सूट मिळते. आधी कुटुंब तपासतात, मग त्या देशाचे अधिकारी मुलाची आणि कुटुंबाची जुळणी करतात. 'आम्हाला हीच मुलगी हवी' हे बहुतेक ठिकाणी चालत नाही. म्हणून तिच्याशी असलेली ओळख लपवू नका, उलट पहिल्या अर्जातच सगळं खरं लिहा: कधी भेटलात, संचालक काय म्हणाले. नंतर उघडकीला आलं तर सगळी प्रक्रिया रद्द होऊ शकते.

तिचा देश करारात नसेल तर त्या देशाचा कायदा आणि तुम्ही राहता त्या देशाचा इमिग्रेशन कायदा असे दोन्ही सरळ लागतात, आणि अनाथ कुणाला म्हणायचं याची व्याख्या बऱ्याचदा आणखी अरुंद असते. इस्लामी कायदा पाळणाऱ्या अनेक देशांत दत्तक ही कल्पनाच मान्य नाही. तिथे 'कफाला' नावाची पालकत्वाची व्यवस्था असते, ज्यात मूल वंशाने आपल्या जन्मदात्यांचंच राहतं. हेग दत्तक करार तिला लागू होत नाही. काही देशांनी दारं बंदही केली आहेत. रशियाने 2013 पासून अमेरिकी कुटुंबांना, इथिओपियाने 2018 मध्ये सर्वच परदेशी कुटुंबांना, आणि चीनने 2024 मध्ये जवळचे नातेवाईक वगळता बाकी सगळ्यांना. त्यामुळे जुन्या अनुभवांवर विसंबू नका, आजची स्थिती विचारा.

नागरिकत्वाकडे लोक शेवटी बघतात, मी ते आधी बघायला सांगते. करारानुसार झालेल्या दत्तकाचं प्रमाणपत्र मिळालं की बाकीच्या सदस्य देशांत ते आपोआप मान्य होतं, पण त्याने नागरिकत्व मिळतंच असं नाही. अमेरिकेत 2001 मध्ये कायदा लागू झाल्यावर दत्तक मुलांना बऱ्याच बाबतीत आपोआप नागरिकत्व मिळू लागलं. त्या दिवशी 18 वर्षं पूर्ण झालेल्यांना मात्र तो लागू नव्हता. पालकांनी कधी अर्जच केला नव्हता अशी काही माणसं मोठेपणी जिथली भाषाही येत नाही त्या जन्मदेशात परत पाठवली गेली. तुमचा परवाना एका देशाचा, नागरिकत्व दुसऱ्याचं, मुलगी तिसऱ्याची. तिला कोणाचं नागरिकत्व, कधी आणि कोणत्या अर्जाने मिळेल, हे तुम्ही राहता त्या आणि तुमचं नागरिकत्व आहे त्या, अशा दोन्ही देशांकडून लेखी घ्या. शिवाय तिच्या देशातलं दत्तकविधान पूर्ण आहे की साधं, हेही विचारा. साध्या प्रकारात जन्मदात्यांशी असलेलं कायदेशीर नातं तुटत नाही, आणि मग तुम्ही राहता त्या देशात ते पूर्ण दत्तकात बदलून घ्यावं लागू शकतं.

मुलगी घरी आल्यावर ठरावीक काळाने पाठपुरावा अहवाल पाठवावे लागतात. ते वेळेवर पाठवा. ते थांबले तर मागून येणाऱ्या कुटुंबांचे अर्ज रखडतात. तिची जन्माची नोंद, संमतीपत्रं, बालगृहातले फोटो, सगळ्याच्या प्रती स्वतःकडे ठेवा. मोठेपणी ती मागेल तेव्हा त्या तिच्या हातात देता यायला हव्यात.

प्राधिकरणाशी बोलणं झालं की काय उत्तर मिळालं ते इथेच लिहा. विशेषतः वास्तव्याच्या परवान्याबद्दल. त्यावरून तिच्या देशाकडे अर्ज जाऊ शकतो की नाही, हे मी नेमकं सांगू शकेन.