फुप्फुसाचा कर्करोग बरा होणार नसेल, तर रेडिएशन कशासाठी, आणि तेही पाचच वेळा का?

तुमच्या प्रश्नावरून समजले ते असे : वडील 71 वर्षांचे आहेत, फुप्फुसाचा कर्करोग चौथ्या टप्प्यात, म्हणजे छातीबाहेर पसरलेला आहे, थुंकीतून रक्त पडते आणि उजवा खुबा दुखतो. ‘आजार बरा होणार नाही, पण छातीला पाच वेळा आणि खुब्याला एकदा रेडिएशन देऊ,’ असे डॉक्टरांनी सांगितले आहे. गावातील एका गृहस्थांना मात्र तीस वेळा शेक (म्हणजे रेडिएशनच) दिला होता, म्हणून वडिलांवर डॉक्टरांनी पाणी सोडले की काय, अशी शंका घरात आली आहे. मी किरणोपचार विभागात डॉक्टर आहे आणि ही शंका ओपीडीत नेहमी ऐकतो. वडिलांचे रिपोर्ट मी पाहिलेले नसल्यामुळे निर्णय त्यांच्या डॉक्टरांचाच राहील; पण असा सल्ला कोणत्या विचारातून दिला जातो, हे मी सांगू शकतो.

त्या गृहस्थांचा आजार बहुधा छातीपुरताच असावा. अशा वेळी गाठ समूळ नष्ट करण्याच्या हेतूने साधारण 60 ग्रे (ग्रे हे किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) एवढी मात्रा सहा आठवड्यांत, रोज थोडीथोडी करून देतात आणि जोडीला बहुधा केमोथेरपीही असते. किरण ज्या भागावर पडतात तेवढ्याच भागावर त्यांचा परिणाम होतो. आजार हाडांत किंवा यकृतात पोहोचलेला असताना छातीतील गाठीवर सहा आठवडे खर्च केल्याने उरलेला आजार तसाच राहतो, आणि रुग्णाची आधीच कमी असलेली ताकद मात्र त्यात जाते. म्हणून येथे हेतू बदलतो. जो त्रास होतो आहे तो कमीत कमी दिवसांत आणि कमीत कमी उपद्रवात आटोक्यात आणणे, एवढाच या उपचाराचा उद्देश असतो. त्यामुळे डॉक्टरांना पहिला प्रश्न ‘किती वेळा?’ असा न विचारता ‘नेमक्या कोणत्या त्रासासाठी?’ असा विचारावा.

याचे कारण असे की सगळेच त्रास किरणोपचारांना सारखी दाद देत नाहीत. थुंकीतील रक्त सर्वांत चांगली दाद देते. बहुतेक रुग्णांचे रक्त थांबते किंवा पुष्कळ कमी होते, आणि ते अनेकदा उपचार चालू असतानाच दिसू लागते. छातीतील दुखणेही बऱ्याच जणांचे कमी होते. खोकला आणि दम यांची खात्री तेवढी देता येत नाही. मोठी श्वासनलिका गाठीने दाबली गेल्यामुळे दम लागत असेल तर उपयोग होतो. पण फुप्फुसाभोवती पाणी साचल्यामुळे लागत असेल, तर ते पाणी काढणे हाच उपाय आहे, तेथे शेक देऊन काही साधत नाही.

आता आकड्यांकडे येऊ. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने 1991 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दहा वेळा मिळून 30 ग्रे आणि आठवड्याच्या अंतराने दोनदाच मिळून 17 ग्रे, अशी तुलना केली होती. त्रास कमी होण्यात दोन्ही सारखेच ठरले. पुढच्या वर्षी ज्यांची प्रकृती फारच खालावलेली होती अशा रुग्णांत एकाच वेळी दिलेले 10 ग्रेही पुरेसे असल्याचे दिसले. याला एक अपवाद आहे आणि तो सांगायला हवा. ज्यांची तब्येत चांगली होती अशा रुग्णांना तेरा वेळा मिळून 39 ग्रे दिल्यावर सरासरी आयुष्य सुमारे दोन महिन्यांनी वाढल्याचे याच कौन्सिलच्या 1996 सालच्या अभ्यासात आढळले. मात्र आराम उशिरा पडला आणि गिळण्याचा त्रास जास्त झाला. शिवाय त्या रुग्णांचा आजार छातीबाहेर पसरलेला नव्हता. तुमच्या वडिलांना सुचवलेला पाच वेळांचा, बहुधा 20 ग्रेचा क्रम जगभर नित्य वापरला जातो. तो कमी प्रतीचा किंवा हातचा राखून दिलेला उपचार नव्हे.

माझे मत विचाराल, तर या निर्णयात प्रवासाला आपण फार कमी महत्त्व देतो. गावाहून चार-पाच तासांवर केंद्र असेल, खुबा दुखत असेल, तर प्रत्येक फेरी हीच एक शिक्षा होते. पाच सिटिंगसाठी शहरात राहणार असाल तर धर्मशाळेची चौकशी आधीच करावी. मुंबईत दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा कर्करुग्णांच्या कुटुंबांना परिचित आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किरणोपचारांचा समावेश आहे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन रुग्णालयातील आरोग्यमित्राला, म्हणजे या योजनेच्या मदतनीसाला, पहिल्याच दिवशी भेटावे, म्हणजे मंजुरीसाठी उपचार अडून राहत नाही.

प्रत्यक्षात काय होते, तेही सांगतो, कारण वडिलांना भीती बहुधा त्याचीच असेल. आधी प्लॅनिंगचा सीटी स्कॅन होतो. रुग्णाला कडक टेबलावर उताणे झोपवून दोन्ही हात डोक्यावर घ्यायला सांगतात, आणि छातीवर रंगीत रेघा किंवा शाईचे बारीक ठिपके काढतात. घरी गेल्यावर त्या रेघा साबणाने घासून काढू नयेत. तेल लावून अंघोळ घातलेले आजोबा दुसऱ्या दिवशी कोरी छाती घेऊन येतात आणि आमच्या तंत्रज्ञांना सगळी मोजमापे पुन्हा करावी लागतात. यंत्राखाली काही मिनिटेच झोपायचे असते. किरण दिसत नाहीत, चटका बसत नाही. खोलीत रुग्ण एकटा असला तरी बाहेरून कॅमेऱ्यातून तो दिसतो आणि माइकवरून बोलता येते. उताणे झोपल्यावर वडिलांना खोकल्याची उबळ येत असेल किंवा खुबा दुखत असेल तर आधी सांगावे. डोक्याखाली उशी वाढवता येते आणि अर्धा-पाऊण तास आधी वेदनाशामक गोळी देता येते. उपचार संपल्यावर शरीरात किरण उरत नाहीत, तेव्हा नातवंडांना खुशाल जवळ घ्यावे.

त्रास होतोच, पण बेताचा. पहिल्या एक-दोन दिवसांत छातीत थोडे दुखणे, थंडी वाजून ताप येणे असे होऊ शकते. त्यानंतर थकवा येतो, आणि अन्ननलिका किरणांच्या वाटेत असेल तर साधारण दुसऱ्या आठवड्यापासून गिळताना दुखते. तेवढे दिवस गुरगुट्या भात, वरण, दही असे मऊ आणि कोमट खाणे द्यावे. ठेचा, लोणचे आणि कडक भाकरी बाजूला ठेवावी. डोक्यावरचे केस छातीच्या शेकाने गळत नाहीत.

खुब्याला एकदाच का, याचे उत्तर तर अधिक स्पष्ट आहे. हाडातील वेदनेसाठी एकदाच दिलेले 8 ग्रे हे दहा वेळा दिलेल्या 30 ग्रेइतकेच काम करतात. दोन्हींत पाचांपैकी साधारण तिघांना आराम पडतो. फरक एवढाच की एकदा घेतलेल्यांपैकी सुमारे 20 टक्के रुग्णांना पुढे त्याच जागी पुन्हा उपचार लागतो, तर अनेकदा घेतलेल्यांत हे प्रमाण सुमारे 8 टक्के असते. आराम पडायला दोन ते चार आठवडे लागू शकतात, आणि सुरुवातीचे काही दिवस दुखणे उलट वाढूही शकते. तेव्हा मॉर्फिन चालू असेल तर ते मनाने बंद करू नये आणि त्याबरोबरचे बद्धकोष्ठाचे औषधही चुकवू नये. मात्र खुब्याचे हाड पोखरून मोडण्याच्या बेतात असेल, तर शेकाआधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवणे आवश्यक आहे. एक्स-रे पाहून तेवढे विचारून घ्या.

रेडिएशन नको म्हणणेही काही वेळा बरोबर असते. रुग्ण पूर्णपणे अंथरुणाला खिळलेला असून थोडेच दिवस हाती आहेत असे दिसत असेल, तर फायदा दिसण्याइतका अवधीच उरत नाही. मेंदूत पसरलेल्या आजाराबाबतही असाच अनुभव आहे : ज्यांना शस्त्रक्रिया किंवा नेमक्या गाठीपुरते किरण देणे शक्य नव्हते अशा रुग्णांत संपूर्ण मेंदूला शेक दिल्याने, केवळ स्टेरॉइड आणि शुश्रूषेपेक्षा, आयुष्य किंवा त्याचा दर्जा फारसा सुधारत नाही, असे ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातील रुग्णांवरच्या क्वार्ट्झ नावाच्या अभ्यासात 2016 साली दिसले. वडिलांच्या वर्णनावरून ते त्या अवस्थेत आहेत असे मला वाटत नाही.

गाठीच्या तुकड्यातील ईजीएफआर आणि एएलके या जनुकांची तपासणी झाली आहे का, हेही विचारा. त्यांत बदल आढळला तर रोजच्या गोळ्यांनी आजार पुष्कळ काळ दबून राहू शकतो, आणि मग शेकाची वेळ व जागा पुन्हा ठरवावी लागते.

पुढची तारीख येईपर्यंत पाठीत नव्याने जोरात दुखू लागले आणि पाय लुळे पडू लागले किंवा लघवी अडली, तर मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो. चेहरा आणि मान सुजून गळ्याच्या शिरा फुगल्या, किंवा एका वेळी कपभर रक्त पडले, तरीही थांबू नये. यांपैकी काहीही झाले तर रात्र असली तरी त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात न्यावे आणि सगळ्या फायली बरोबर ठेवाव्यात.