मुदत ठेव मोडून हिरवा पडदा?

सांगलीच्या एका शिक्षिकेचं पत्र आहे. त्या दहावीचं विज्ञान शिकवतात, घर भाड्याचं. एका क्लासला त्यांच्याकडून धडे चित्रित करून हवे आहेत: मागे हलत्या आकृत्या, पुढे बाई, म्हणजे ग्रीन स्क्रीन: हिरव्या पडद्यापुढे चित्रण करायचं आणि नंतर सॉफ्टवेअरने हिरव्याच्या जागी आकृत्या बसवायच्या. महिन्याला ६ धडे, धड्याला १,५०० रुपये, करार एका वर्षाचा. दुकानदाराचं कोटेशन २,६०,००० चं: कॅमेरा आणि लेन्स १,१५,०००, लॅपटॉप ९०,०००, लाइट ३५,०००, पडदा-स्टँड-माइक २०,०००. घरातली ४ लाखांची एकुलती एक मुदत ठेव मोडावी, की सामान नो-कॉस्ट ईएमआयवर घ्यावं, असं त्या विचारतात.

ताई, सध्या दोन्ही नको.

महिन्याचे ९,००० म्हणजे वर्षाचे १,०८,०००. करार संपेल तेव्हा खर्चाचे निम्मे पैसेही परत आलेले नसतील, आणि यात तुमच्या एडिटिंगच्या रात्रींचा हिशेब धरलेलाच नाही. ठेव मुदतीआधी मोडली तर बँका साधारण अर्धा ते एक टक्का व्याज कापतात. ते सोसेल. पण उद्या दवाखान्याचं बिल आलं, तर वापरलेला कॅमेरा किती पडत्या भावात द्यावा लागेल? नो-कॉस्ट ईएमआयमध्ये व्याजाइतकी सूट मिळते खरी, पण प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा १८ टक्के जीएसटी बहुधा तुमच्याच माथी येतो. रोखीने घेताना जी घासाघीस करता आली असती, तीही हातची जाते.

आता कोटेशनच बघू, कारण ते उलट्या टोकाने बनवलंय. हिरवा रंग स्वच्छ उडायला सगळ्यात आधी पडद्यावर सारखा उजेड लागतो. एका कोपऱ्यात सावली, दुसऱ्यात झगझगाट असला की सॉफ्टवेअरपुढे दोन वेगळे हिरवे येतात आणि प्रत्येक धड्यावर तासन्‌तास खिटखिट वाढते. म्हणून पडद्याला दोन लाइट वेगळे आणि तुम्हाला वेगळे. पडद्यापासून निदान ५ फूट पुढे उभं राहायचं, नाहीतर हिरवी झाक केसांवर आणि खांद्यावर चढते. तुमची खोली १० बाय ११ ची. ५ फूट पडद्याला दिल्यावर कॅमेऱ्यासाठी ५-६ फूटच उरतात, म्हणजे कमरेपर्यंतची फ्रेम. महागड्या कॅमेऱ्याने खोली लांबत नाही.

शिवाय बरेच कॅमेरे रोजच्या मोडमध्ये ४:२:० नावाच्या पद्धतीनेच रेकॉर्ड करतात, फोनही तेच करतो. यात रंगाची माहिती उजेडाच्या माहितीच्या चौथाईच साठते, आणि केसांच्या कडा दातेरी दिसतात त्या बऱ्याचदा यामुळेच. दुकानदाराला सरळ विचारा: हा कॅमेरा स्वतःच्या आत ४:२:२ (रंगाची माहिती दुप्पट), १०-बिट (छटा जास्त) रेकॉर्ड करतो का? उत्तर गोलमोल आलं, तर एक लाख पंधरा हजार कशासाठी?

पहिल्या टप्प्यात मी एवढंच घेईन: चार एलईडी लाइट १४,०००, जाड बिनचमकीचं हिरवं कापड आणि स्टँड ५,०००, कॉलरचा माइक ४,०००, फोनचा ट्रायपॉड २,०००. एकूण २५,०००, म्हणजे तीन महिन्यांत वसूल. सॅटिन घेऊ नका, चमकतं. कापडाला इस्त्री करून चापांनी ताणून लावा. घरमालक भिंत रंगवू देणार असेल तर मॅट हिरवा रंग आणखी स्वस्त पडेल. पडदा भिंतभर लागत नाही. तुमचे हात पोचतात तेवढ्या भागामागे हिरवं असलं की पुरे, बाकीचं सॉफ्टवेअरमध्ये मास्क लावून, म्हणजे तेवढा भाग झाकून, कापता येतं. एडिटिंगला दाविंची रिझॉल्व्ह या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती पुरते, कीइंग, म्हणजे हिरवा रंग उडवण्याची सोय, त्यात आहे. जुन्या लॅपटॉपवर ती धापा टाकत असेल तर पुढची खरेदी लॅपटॉपची, कॅमेऱ्याची नव्हे. फोनचं शटर १/५० सेकंदावर बांधून ठेवा, आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने स्वस्त लाइट लुकलुकतात. आणि हो, हिरवे काठ नकोत, हिरवा चुडाही नको: फळ्याकडे हात केलात की मनगटातून पेशीची आकृती दिसेल!

कॅमेऱ्याची हौस असेलच तर कोल्हापुरात किंवा लग्नाचे फोटो काढणाऱ्या ओळखीच्या कुणाकडून एका दिवसाच्या भाड्याने आणा. तोच धडा फोनवर आणि कॅमेऱ्यावर घ्या, क्लासवाल्यांना कुठला कुठला ते न सांगता दाखवा. फरक त्यांना कळला आणि त्यासाठी दर वाढवायला ते तयार झाले, तरच पुढे बोलू. तेव्हाही ठेव मोडू नका. ठेवीवर कर्ज मिळतं, व्याज सहसा ठेवीच्या दराहून एक-दोन टक्के जास्त, आणि ठेव जागेवर राहते.

सही करण्याआधी करारात तीन गोष्टी घालून घ्या: दर महिन्याचे काही पैसे आगाऊ, एका धड्यात किती दुरुस्त्या फुकट, आणि वर्ष संपल्यावर ते धडे क्लासने वापरत राहायचे तर त्याचे वेगळे पैसे. बिलं स्वतःच्या नावावर घ्या. हे उत्पन्न विवरणपत्रात दाखवाल तेव्हा सामानाचा घसारा मागता येईल का, ते तुमच्या सीएंना विचारा.