गादी चुकली आणि अबोला लांबला: दोघांसाठी दुसरी गादी निवडताना

"पाच महिन्यांपूर्वी एकवीस हजारांची गादी घेतली. आता हे हॉलमध्ये दिवाणावर झोपतात आणि मी एकटी बेडरूममध्ये. दुसरी घ्यायची हिंमत होत नाही. परत चुकलं तर? आणि वेगळं झोपायची सवयच लागली तर?"

घणसोलीत राहणाऱ्या एका ताईंचा हा प्रश्न. वय चौतीस, वजन ५२ किलो, झोपायची सवय कुशीवर. नवरा सदतिशीचा, ८८ किलोचा, पाठीवर झोपणारा. ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये नोकरी, आठवड्यातून तीन रात्री कॅब पहाटे तीनला दारात सोडते. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) गादी ऑनलाइन मागवलेली, ७८ बाय ७२ इंच, आठ इंच जाड, वर 'ऑर्थोपेडिक मेमरी फोम' असं छापलेलं. हा 'ऑर्थोपेडिक' शब्द छापायला कुणा डॉक्टरची सही लागत नाही, हे बहुतेकांना घेऊन झाल्यावर कळतं.

शंभर रात्रींची ट्रायल (पटली नाही तर परत करायची मुदत) केव्हाच संपली होती. ती संपेपर्यंत दोघंही गप्प बसले, कारण एव्हाना 'गादी बरोबर नाही' म्हणणं म्हणजे 'तुझं चुकलं' म्हणणं झालं होतं. रिव्ह्यू नवऱ्यानं वाचले, 'हीच घेऊ' असं ताई म्हणाल्या. त्यामुळे दोषाची वाटणी दोन्हीकडून करता येत होती आणि रोज होतही होती. सासूबाई अधूनमधून म्हणायच्या, "आमच्या वेळी कापसाची गादी होती, कुणाची कंबर दुखली नाही."

अशा वेळी आम्ही नात्याचा विषय थोडा बाजूला ठेवतो आणि आधी झोप कशाने मोडते ते शोधायला लावतो. दोघांनी वेगवेगळ्या कागदावर दहा रात्रींची नोंद ठेवायची: किती वाजता जाग आली, कशाने आली, उठल्यावर कुठे दुखलं आणि ते किती वेळात गेलं. अट एकच, फक्त स्वतःच्या शरीराबद्दल लिहायचं. 'तो घोरतो' चालणार नाही, 'मला आवाजाने जाग आली' चालेल. आणि या काळात दोघांनी त्याच गादीवर झोपायचं, नाहीतर नोंदीला अर्थ नाही.

उठताना दुखतं आणि हिंडायला लागल्यावर तासाभरात ओसरतं, असं असेल तर गादीवर संशय घ्यायला जागा आहे. दिवसभर वाढत जाणारं दुखणं, पायात उतरणाऱ्या मुंग्या, बधिरपणा हा गादीच्या दुकानाचा विषय नाही, आधी डॉक्टर. या दोघांत तसं काही नव्हतं.

नोंदी समोर आल्या तेव्हा दोघांचे त्रास अगदी वेगळे निघाले. नवऱ्याची कंबर सकाळी धरायची, नऊपर्यंत सुटायची. ताईंना कंबरेचं काहीच नव्हतं. त्यांच्या नोंदीत दोनच गोष्टी पुन्हा पुन्हा येत होत्या: नवरा पहाटे येऊन टेकला की जाग आणि मानेखाली घाम. कधी खांदा अवघडायचा, तोही ते शेजारी असतील तेव्हाच, कारण मधल्या खड्ड्याकडे अंग घरंगळायचं. महिनोन्महिने 'गादी वाईट' या एका वाक्यावर भांडण चाललं होतं आणि त्या वाक्यात तीन-चार वेगळ्या तक्रारी कोंबलेल्या होत्या.

मग खड्ड्याचा माग. यासाठी सुतळी आणि मोजपट्टी पुरते. गादी उचलून पलंगाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सुतळी ताणायची आणि मधोमध सुतळीपासून फळीपर्यंतचं अंतर मोजायचं. यांच्या घरी ते १८ मिलिमीटर भरलं. म्हणजे गादी नसतानाच पलंग पाऊण इंच खाली गेलेला! स्टोरेजचा बॉक्स-बेड, वर १२ एमएम प्लायच्या दोन फळ्या आणि त्यांच्या जोडाखाली आधारच नाही. मग तीच गादी सपाट फरशीवर टाकून तसंच मोजलं, तर गादीचा स्वतःचा खड्डा १२ मिलिमीटर. कंपन्यांच्या वॉरंटीत बहुधा वजन नसताना २५ मिलिमीटर किंवा एक इंचाच्या वर खड्डा पडला तरच गादी बदलून मिळते, आणि तीही सपाट, भक्कम पलंगावर वापरली असेल तर. इथे दावा टिकलाच नसता. हे मोजमाप न करता नवी गादी आणली असती तर तीही त्याच खड्ड्यात बसली असती. सुतारानं मधोमध उभा आधार दिला, खालून आडव्या पट्ट्या मारल्या, वर १९ एमएम प्लाय टाकली. जुन्या प्लायच्या वरच्या अंगाला बुरशीचे काळे ठिपकेही दिसले. खाली रजया कोंबलेल्या, हवा जायला वाट नाही आणि नवी मुंबईचा पावसाळा. म्हणून नव्या फळ्यांना इंचभर व्यासाची भोकं पाडून घेतली.

आता गादीच्या पोटात काय आहे ते. फोमची डेन्सिटी म्हणजे एका घनमीटरचं वजन किलोत. डेन्सिटी म्हणजे कडकपणा नव्हे, विक्रेते हे सर्रास एकत्र करतात. ४० डेन्सिटीचा फोम मऊही असू शकतो; डेन्सिटी सांगते की तो किती वर्षं दबून न जाता टिकेल. ती घरी तपासता येते. ७८ × ७२ × ८ म्हणजे ४४,९२८ घनइंच. एका घनमीटरमध्ये सुमारे ६१,०२४ घनइंच असतात, म्हणजे गादी ०.७४ घनमीटरच्या आसपास. खोक्यावर वजन छापलेलं होतं २२ किलो. कव्हर आणि पॅकिंगचे दोनेक किलो वजा केले की फोम उरतो २० किलो. वरचा दोन इंचांचा मेमरी फोम जाहिरातीप्रमाणे ५० डेन्सिटीचा धरला तर त्याचेच नऊ किलो होतात. खालच्या सहा इंचांना राहिले अकरा किलो, म्हणजे डेन्सिटी २०. एक तर वरचा थर ५० चा नव्हता, नाहीतर खालचा फोम ८८ किलोच्या माणसाला पेलणारा नव्हता. हा हिशेब नवरोबांनी स्वतः कॅल्क्युलेटरवर केला आणि त्यानंतर 'तू निवडलीस' हे वाक्य घरात कमी झालं, असं ताई सांगतात.

घामाचं कारणही त्याच थरात. मेमरी फोम अंगाच्या उबेने मऊ होऊन शरीराभोवती बसतो, त्यामुळे तिथून हवा फिरत नाही. एसी रात्रभर नसेल तर आपल्याकडच्या दमट हवेत उकाडा जास्त जाणवतो. नैसर्गिक लॅटेक्स (रबराच्या चिकापासूनचा फोम) किंवा पॉकेट स्प्रिंग यात बरे. साधी बॉनेल स्प्रिंग या दोघांच्या कामाची नव्हती. तिच्या सगळ्या स्प्रिंगा तारेनं एकमेकींत गुंतलेल्या असतात, एकानं कूस बदलली की दुसऱ्याला कळतं. पॉकेट स्प्रिंगमध्ये प्रत्येक स्प्रिंग वेगळ्या कापडी पिशवीत असते, म्हणून हादरा तिथेच जिरतो.

'कंबर दुखते ना, मग कडक घ्या' हा सल्ला मात्र सगळीकडून मिळतो, कॉयरच्या (काथ्याच्या) गाद्या त्यावरच खपतात. २००३ साली 'लॅन्सेट'मध्ये स्पेनमधला एक अभ्यास आला होता. जुनं कंबरदुखणं असलेल्या ३१३ जणांना कडक किंवा मध्यम-कडक गादी दिली; नव्वद दिवसांनी मध्यम-कडक गादीवाल्यांना अंथरुणातलं आणि उठतानाचं दुखणं कमी होतं. त्यातही मध्यम म्हणजे कुणासाठी मध्यम, हा प्रश्न उरतोच. ८८ किलोला मध्यम वाटणारी गादी ५२ किलोला फळी वाटते. सासूबाईंची कापसाची गादी हवेशीर खरी, पण तिच्यात गोळे होतात, ती वेळोवेळी पिंजून घ्यावी लागते आणि उन्हात टाकायला गच्ची लागते. सोसायटीच्या गच्चीला कुलूप असतं, तेव्हा तो पर्याय आदरानं बाजूला ठेवला.

शेवटी एका पलंगावर ७८ बाय ३६ च्या दोन गाद्या, असं ठरलं. यावर ताई अडल्या. "म्हणजे आम्ही कायमचे वेगळे झालो?" ही भीती आम्ही बऱ्याच जोडप्यांत पाहतो आणि तिला हसून चालत नाही. पण दोघं दोन खोल्यांत गेले ते एका सामाईक गादीमुळे, हे त्यांच्याच नोंदीत लिहिलेलं होतं. त्यावर एक नियम ठरला: आपल्या अर्ध्याचा कडकपणा आणि साहित्य ज्यानं त्यानं निवडायचं, दुसऱ्यानं त्यावर मत द्यायचं नाही. एकत्र ठरवायच्या गोष्टी तीनच: जाडी, लांबी आणि खर्चाची वरची मर्यादा. जाडी दोन्हींची सारखीच हवी, अर्धा इंचाचा फरकही मधल्या सांध्यावर बोचतो. सांध्यात भरायची फोमची पट्टी मिळते किंवा वरून टॉपर, म्हणजे गादीवर अंथरायचा पातळ थर, टाकता येतो. चादरी मात्र दोन सिंगल. एकच मोठी घट्ट बसवली की ओढ पुन्हा दोन्हीकडे जाते. जुन्या इमारतीच्या छोट्या लिफ्टमध्ये ७२ इंच रुंद स्प्रिंगची गादी शिरत नाही, ३६ ची उभी जाते, हा वरचा फायदा.

दुकानात आपापली उशी घेऊन जा. लाज वाटते, तरी न्याच. प्रत्येकानं आपल्या सवयीच्या कुशीवर किंवा पाठीवर पंधरा मिनिटं पडायचं. दोन मिनिटं बसून बघण्यात काही कळत नाही. पाठीवर झोपणाऱ्याच्या कंबरेखाली हात सरकवा: मध्ये मोकळी पोकळी राहिली तर गादी कडक, हात शिरतच नसेल तर जास्त मऊ. कुशीवर झोपणाऱ्याचा मागून मोबाइलवर फोटो काढा, मानेपासून माकडहाडापर्यंतची रेष सरळ हवी. नवऱ्यानं पॉकेट स्प्रिंगवर ४० डेन्सिटीचा एचआर (हाय रेझिलियन्स, दबून चटकन वर येणारा) फोम घेतला, ताईंनी पॉकेट स्प्रिंगवर दोन इंच लॅटेक्स. प्रत्येक थराची जाडी आणि डेन्सिटी बिलावर लिहून घेतली. दुकानदार आढेवेढे घेत होता. लिहून देत नसेल तर दुसरं दुकान बघावं. परतीत पैसे मिळतात की फक्त बदली गादी आणि वाहतूक कुणाच्या खिशातून, हेही तिथेच विचारलं. शब्द फिरवला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे आपण राहतो त्या जिल्ह्यातूनच, दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते.

जुनी गादी फोमवाल्याकडून कापून दिवाणाच्या मापाची करून घेतली. तीन रात्रपाळ्यांपैकी ज्या दिवशी ताईंना सकाळी लवकर निघायचं असतं, त्या दिवशी ते दिवाणावरच झोपतात, पण आता ते आदल्या संध्याकाळी ठरतं. नव्या गादीला अंग सरावायला तीनेक आठवडे जातात, म्हणून पहिल्या आठवड्यात निकाल द्यायचा नाही असं सांगितलं आहे. ट्रायल संपायच्या दहा दिवस आधीची तारीख दोघांच्या मोबाइलवर लावली आहे. त्या दिवशी पुन्हा दोन कागद, स्वतःच्या शरीरापुरते, आणि ठेवायची की परत करायची ते त्याच संध्याकाळी.